रिकाम्या रांजणांची गल्ली

हॉटेलाला पाचपैकी चार तारे तुम्ही शेवटचे कधी दिलेत? आणि तो पाचवा कशासाठी कापलात? गादी टणक होती म्हणून, चहा गार होता म्हणून, की शेजारच्या घरातून कसलासा वास येत होता म्हणून? आठवत नसेल. आपण अंगठ्याने तारे दाबतो, दोन ओळी लिहितो आणि पुढच्या गाडीत बसतो. त्या दोन ओळी कुणाच्या दारात जाऊन पडतात हे बघायला मागे थांबत नाही. या सप्टेंबरमध्ये मला ते बघावं लागलं.

चीनच्या नैऋत्य भागात एका नदीकाठी जुन्या व्यापाराचं एक गाव आहे. त्याचं नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

बॉबलिंगेन

सुरुवात मात्र इथेच, जर्मनीत होते. माझा मावसभाऊ प्रसाददादा आणि वृंदावहिनी बॉबलिंगेनला राहतात. मी हायडेलबर्गला पीएचडी करते आणि चांगलं जेवायची इच्छा झाली की त्यांच्याकडे जाते. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या इमारतीत खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली की जिन्यात फोडणीचा वास येतो. हाउसफरवाल्टुंगचा, म्हणजे इमारतीचा कारभार बघणाऱ्या कंपनीचा, माणूस दारात येऊन उभा राहिला. भांडला नाही. अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "तीव्र वासाचे पदार्थ शक्यतो टाळता आले तर बरं."

त्या शनिवारी मी गेले तेव्हा दादा नुसता उकळत होता. "आल्झो, म्हणजे बघ, यांच्या आंबट कोबीचा वास मी इतकी वर्षं नाकाने खातोय, ते चालतं! आणि माझी मोहरी तडतडली की जिना बाटतो!"

"प्रसाद, आवाज कमी. आता आवाजाचीही तक्रार येईल," वहिनी म्हणाली.

माझे वडील चिपळूणला छापखाना चालवायचे. संघटनांची, मोर्च्यांची पत्रकं छापायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांच्या उरलेल्या कागदांवर. त्यामुळे असल्या प्रसंगी माझा हात शिवशिवतो. मी तिथेच जेवणाच्या टेबलावर बसून जर्मनमध्ये सणसणीत उत्तर लिहिलं. त्यातलं एक वाक्य दादाला फार आवडलं: माणूस राहतो त्या घराला वास असतो, वास नको असेल तर माणूस नको म्हणा. त्याने ते फ्रिजवर चिकटवलं. पुढे प्रकरण मिटलं, बाईंनी तक्रार मागे घेतली, आणि त्या रात्री वहिनीने मुद्दाम लसणीची फोडणी दोनदा घातली.

ते फ्रिजवरचं वाक्य लक्षात ठेवा.

नदीवरून वर

लिन माझ्याच प्रयोगशाळेत काम करते. तिची आत्या त्या गावात राहते. आत्याला त्यांच्याकडे 'गूमा' म्हणतात, आणि ही हाक फक्त वडिलांच्या थोरल्या, लग्न झालेल्या बहिणीला. मावशीला वेगळी हाक, मामीला वेगळी. जर्मनमध्ये या सगळ्या एकाच 'टांटे'त कोंबतात. लिनची आणि माझी गट्टी जमली ती याच विषयावरून. ती म्हणाली, "सुटीत गूमाकडे चाललेय, येतेस?" दादा-वहिनी त्याच सुमारास चीन बघायचं म्हणत होते. आम्ही चौघं निघालो.

गावात जावं नावेनेच. पूर्वी इथे वरच्या डोंगरांतून मीठ, कापड, औषधी मुळ्या यायच्या. धक्क्यापासून वर दगडी पायऱ्या चढतात, मधोमध झिजून खोलगट झालेल्या, आणि पायऱ्यांवर एका जुन्या झाडाची मुळं दगडाला मिठी मारून बसलेली. वर पोचलं की मुख्य गल्ली. दोन्ही बाजूंच्या घरांची छपरं इतकी पुढे आलेली की वर आकाशाची नुसती पट्टी दिसते. पाऊस आला तरी गिऱ्हाइकाने कोरडं चालावं, मालाला पाणी लागू नये, म्हणून व्यापाऱ्यांनी तशी बांधलेली. दुकानांना दार नाही, उभ्या फळ्या आहेत. सकाळी एकेक फळी खाचेतून काढायची, दोन लाकडी घोडक्यांवर आडवी टाकायची, की तीच विक्रीची मांडणी. संध्याकाळी त्याच फळ्यांची परत भिंत. इतकी शहाणी रचना बघून मी खरोखर हरखले.

मग मी फळ्यांकडे नीट पाहिलं. खिळे ठोकून पक्क्या केलेल्या होत्या. मागे काचेचं सरकतं दार. आत जे विकत होते ते पुढच्या दुकानातही होतं आणि त्याच्या पुढच्याही: तळलेल्या काड्या, चांदीसारख्या अंगठ्या, फोटोपुरते भाड्याने मिळणारे जुन्या काळचे झगे. झगे घातलेल्या मुली पायऱ्यांवर बसून एकमेकींचे फोटो काढत होत्या. लाल कंदील इतके होते की एकही कंदील असल्यासारखा वाटेना. कुठेही एक कपडा वाळत घातलेला नव्हता. कुणी कुणावर ओरडत नव्हतं.

"किती स्वच्छ ठेवलंय!" दादा म्हणाला.

"इथे राहतं कोण?" मी लिनला विचारलं.

"कंपनी," लिन म्हणाली.

गल्लीचा कारभार एका पर्यटन कंपनीकडे आहे. रहिवाशांना नदीपलीकडच्या नव्या उंच इमारतींत घरं दिली. मला राग आला, तो मी लगेच बोलून दाखवला. लिनने तो फारसा मनावर घेतला नाही. म्हणाली, "सगळे रडत गेले असं लिहू नकोस हां. शेजारच्या म्हाताऱ्यांना लिफ्ट मिळाली, घरात संडास मिळाला. ते खूश आहेत." हे खरं आहे आणि मी ते लपवणार नाही. पण त्यांना लिफ्ट हवी होती, म्हणून त्यांचं गाव उचलून दुसऱ्याला द्यायची काय गरज होती? संडास जुन्या घरातही बांधता येतो. आम्ही उतरलो त्या, आता हॉटेल केलेल्या घरात तर तो बांधलेला होता, वर काळ्या दगडाचं बेसिन आणि रात्री निळा दिवा. तो पाहुण्यांसाठी. ते घर त्याच लिफ्टवाल्या म्हाताऱ्यांचं होतं.

लिन गूमाकडे झोपायला गेली. "सकाळी या," म्हणाली. आम्ही तिघं दमून पडलो. रात्री खिडकीतून एक वास आला, आंबूस, तिखट, जड. वहिनीने खिडकी लावली. "काहीतरी सडलंय वाटतं बाहेर," दादा उशीत तोंड घालून म्हणाला.

गूमाचा ओटा

सकाळी लिन आम्हाला न्यायला आली, आणि चार घरं टाकून पाचव्या घरापाशी थांबली. त्या एकाच घराच्या फळ्यांना खिळे नव्हते. त्या काढून घोडक्यांवर टाकलेल्या होत्या. छपराच्या बाहेर, जिथे आकाशाची पट्टी जरा रुंद होते आणि ऊन सरळ उतरतं, तिथे मातीचे मोठे रांजण ओळीने मांडलेले. प्रत्येकाशेजारी बांबूची टोकदार टोपी. एक ठेंगणी बाई रांजणात लाकडी दांडा घालून खालचं वर करत होती. तोच वास. रात्रीचा.

"गूमा," लिनने ओळख करून दिली.

वालाच्या दुप्पट मोठे दाणे असतात, त्यांची डाळ आंबवायची. तिच्यात लाल मिरच्यांचा ठेचा आणि मीठ. मग महिनोन्महिने उन्हात. दिवसा ऊन द्यायचं, रोज ढवळायचं, रात्री उघडं ठेवून दव पाडू द्यायचं, आणि पावसाचा थेंब पडायच्या आत टोप्या घालायच्या. इतकं केल्यावर ती मिरची लालाची काळपट तपकिरी होते. गूमाने बोटभर माझ्या तळहातावर ठेवलं. मी चाटलं आणि जिभेला मुंग्या आल्या.

"तिरफळ!" मी ओरडलेच. "वहिनी, यात तिरफळ आहे!"

अगदी आपलं नाही, पण त्याचंच भावंड. आमच्या आईने बांगड्याच्या आमटीत घातलेली तिरफळं हजारो मैल चालून इथे रांजणात येऊन बसली होती. मी डोळे पुसत होते. तिखटाने की कशाने, ते सांगायची गरज नाही. गूमा लिनला काही म्हणाली आणि दोघी हसल्या.

"काय म्हणतायत?"

"म्हणते, ही मुलगी आपल्यातली आहे. जर्मन लोक रडण्याआधी पाणी मागतात."

वहिनी शाकाहारी. तिने पिशवीतून मेतकूट आणि भाजणी काढून ठेवलीच होती, पण गूमाने तिच्यापुढे खरवसासारखं थरथरणारं गरम टोफू, साधा भात आणि वाटीत ते तिखट ठेवलं. टोफूचा तुकडा तिखटात बुडवायचा, भाताबरोबर खायचा. वहिनीने मेतकूट परत पिशवीत टाकलं. दादाने दोनदा भात घेतला, तिसऱ्यांदा लाजत घेतला.

"आत्या, रात्रीचा वास तुमचाच होता तर," वहिनी हसत म्हणाली, आणि लिनने ते सांगितलं.

"वास यायलाच हवा. नाही आला तर मला झोप लागत नाही, काही बिघडलं की काय म्हणून," गूमा म्हणाली.

मग मी विचारलं की सगळी गल्ली गेली, त्या कशा राहिल्या. लिनने सावकाश सांगितलं. गूमाने सही करायला नकार दिला. कंपनीनेही फार ताणलं नाही, कारण रांजण फोटोत छान दिसतात. पण रांजण सार्वजनिक वाटेवर आहेत. तेव्हा तोंडी अट अशी, की पाहुण्यांची तक्रार येत नाही तोवर राहू द्यायचे. तक्रार आली की हलवायचे. नव्या इमारतीत गूमाला मिळणारं घर अकराव्या मजल्यावर आहे, उत्तरेला तोंड करून. तिथे ऊन येत नाही. रांजण गेले तर गूमाने इथे राहून करायचं काय? म्हणजे अट रांजणांची दिसते, आहे गूमाची.

"आणि तक्रार कधी आलीच नाही?" मी विचारलं.

"लोक फोटो काढतात आणि जातात," लिन म्हणाली.

तेव्हा मी दादाकडे पाहिलं नाही. पाहायला हवं होतं. वहिनीने मला नंतर सांगितलं, त्याने चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि पुन्हा उचलल्याच नाहीत.

भेटवस्तू

दुसऱ्या सकाळी आम्ही गूमाच्या ओट्यावर चहा घेत होतो. झाकणाच्या वाटीतला चहा. झाकणानेच पानं मागे सारायची आणि कडेने घोट घ्यायचा. कंपनीचा तरुण माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात लाल कागदी पिशवी. त्याने सरळ दादापुढे येऊन मान लववली आणि फोनवरच्या भाषांतरयंत्रात बोलला. यंत्र जर्मनमध्ये म्हणालं: आदरणीय पाहुणे, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपल्या सूचनेची तातडीने दखल घेतली आहे. दुर्गंधीचं कारण आज दुपारी हटवण्यात येईल.

यंत्राने ते वाक्य पुन्हा एकदा ऐकवलं.

"दादा," मी म्हणाले, "तू काय लिहिलंस?"

"मी फक्त फीडबॅक दिला," तो म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "काल उठल्या उठल्या त्यांच्या अ‍ॅपवर आलं, रात्र कशी गेली? मी लिहिलं, खोली उत्तम, पण गल्लीत घाण वास. एक तारा कमी दिला. बस. इतकंच. जेवायला येण्याआधी. मला काय माहीत गं..."

"काल कळलं तेव्हा का नाही बोललास?"

"परत गेल्यावर बदलायला बघितलं. पाठवलेलं बदलता येत नाही म्हणे, हॉटेलने उत्तर दिलं की. दुपारपर्यंत त्यांचं उत्तर आलं होतं, 'धन्यवाद' म्हणून."

फोडणीच्या वासावरून महिनाभर उकळलेला माझा भाऊ! ज्याच्या फ्रिजवर ते वाक्य चिकटवलेलं आहे! मी त्याला जे बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. वहिनीने मला थांबवलं नाही, यावरून समजा.

त्याने नंतर खूप धडपड केली, हे लिहिलंच पाहिजे. त्या माणसाला हात जोडले. वास चांगला आहे, जेवण उत्तम आहे, पाच तारे, दहा तारे, काय हवे ते तारे देतो, म्हणाला. लिनने सगळं चिनीत सांगितलं. तो माणूस हसत राहिला. म्हणाला, "पाहुणे फार मनमोकळे आहेत, पण त्यांनी संकोच करू नये. प्रश्न सुटलेला आहे." आणि लाल पिशवी दादाच्या हातात दिली. तिच्यात कारखान्यात तयार केलेल्या तिखटाची बाटली होती. वेष्टनावर एक हसरी म्हातारी रांजण ढवळत होती.

गूमाने लिनला विचारलं, "यांनी नेमकं काय लिहिलं?" लिनने शब्द न शब्द सांगितला. मला वाटलं होतं ती मऊ करून सांगेल. गूमाने दादाकडे पाहिलं. मग म्हणाली, "वास येतो हे खरंच आहे," आणि रांजणावर टोपी घातली.

मी उठले. माझ्या डोक्यात घोषणा तयार होत्या. कंपनीच्या कार्यालयासमोर बसायचं, फोटो काढायचे, सगळ्या जगाला गावाचं नाव सांगायचं. लिनने माझा दंड धरला. तिच्या बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत होते.

"तू परवा विमानात बसशील," ती म्हणाली. "गूमा इथे राहणार आहे. तिचं नवं घरही तीच कंपनी देणार आहे. ओरडायचं असेल तर तुझ्या लोकांवर जाऊन ओरड. ते लिहितात म्हणून हे वाचतात."

म्हणून गावाचं नाव नाही. म्हणून मी तुमच्यावर ओरडते आहे.

दुपारी छोटा टेम्पो आला. भरलेले रांजण उचलताना हिंदकळले आणि दगडांवर तपकिरी डाग पडले. एका पोरसवदा कर्मचाऱ्याने लगेच पाणी मारलं. झगे घातलेल्या मुली जरा बाजूला सरकल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या. नव्या घराच्या बाल्कनीत एकाच रांजणापुरती जागा होती, तो गूमाबरोबर जाणार होता. बाकीच्यांतलं जमेल तेवढं तिखट तिने बरण्यांत काढून ज्याला हवं त्याला दिलं. एक दादाच्या हातात दिली. त्याने नको म्हटलं. ती रागावली आणि बरणी त्याच्या छातीशी दाबून धरली. तो रडला. रडू दे, मी मनात म्हटलं. रडून रांजण परत येणार नव्हते.

परत

मागच्या आठवड्यात प्रयोगशाळेत लिनने मला दोन फोटो दाखवले. एकात अकराव्या मजल्याची बाल्कनी, करडी, आणि त्या एकुलत्या रांजणात पांढरी बुरशी. गूमाने ते सगळं फेकून दिलं. दुसरा फोटो गल्लीचा. गूमाच्या छपराबाहेर, त्याच ओळीत, कंपनीने नवे कोरे रांजण मांडलेत. तोंडाला लाल कापड बांधलेले, आत काहीही नसलेले. लोक त्यांच्याशेजारी उभे राहून फोटो काढतायत. वास अजिबात नाही.

कंपनीने गूमाला कामही देऊ केलं. जुन्या पद्धतीचा पोशाख घालून रोज थोडा वेळ यायचं आणि ढवळायचं. पगार बरा आहे. शिवाय तुमचा जुना दांडा आणलात तर उत्तम, म्हणाले.

"मग?" मी विचारलं.

"म्हणाली, रिकाम्या रांजणात काय ढवळू? दांडा तिने दिला नाही. पलंगाशी उभा करून ठेवलाय."

रविवारी मी बॉबलिंगेनला गेले. फ्रिजवर वाक्य नव्हतं, दादाने ते काढून टाकलं होतं. ती बरणी टेबलावर होती, अर्धी झालेली. वहिनीने भाकऱ्या टाकल्या आणि आम्ही तिघांनी त्या तिखटाबरोबर खाल्ल्या. खालच्या बाईंनी वासाची तक्रार केली असती तर मला बरं वाटलं असतं.

जेवल्यावर दादा फोन घेऊन बसला. त्याचा तो अभिप्राय पुसता येतो, हे त्याला आता कळलं होतं. बदलता येत नाही, पण काढून टाकता येतो. कुकरची शिट्टी व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. उशीर झाला होता, पण काढला. मग तो मागे मागे जात राहिला आणि आम्हाला मोठ्याने वाचून दाखवू लागला. लिस्बन: समोरच्या खिडकीत सतत चादरी वाळत होत्या, एक तारा कमी. इस्तंबूल: खाली म्हातारे उशिरापर्यंत पत्ते खेळत होते, एक तारा कमी. अलिबाग: अंगणात मासळी वाळत घातली होती, दोन कमी.

"अलिबागमध्ये मासळी नाही तर काय वाळत घालतील रे?" वहिनी म्हणाली. कुणी हसलं नाही. तो एकेक पुसत गेला.

आता तुमचं काम. हे वाचून झालं की फोन खाली ठेवू नका. तुम्ही आजवर लिहिलेले अभिप्राय उघडा. जिथे जिथे तुम्ही वासासाठी, वाळत घातलेल्या कपड्यांसाठी, कुणाच्या गप्पांसाठी, कोंबड्यासाठी, स्वयंपाकासाठी तारा कापला आहे, ते सगळे शोधा आणि काढून टाका. गादीचं, झुरळांचं, फसवणुकीचं राहू द्या. माणसं राहतात म्हणून केलेली तक्रार तेवढी काढा. आजच काढा. त्यांतली एखादी अजून कुणी वाचली नसेल, आणि त्या गल्लीत कुणीतरी अजून राहत असेल.